सीमाभागात पहिलं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घेताना: आधी हात, मग कागद, मग दुकान

विचारायला येणारा माणूस बहुतेक वेळा मोबाइल पुढे करतो. त्यात एका चकचकीत रिव्हॉल्व्हरचा फोटो असतो आणि प्रश्न एकच: "हे घेऊ काय?" लायसन्सचं विचारावं तर अर्जसुद्धा केलेला नसतो. आयुष्यात एक छर्रासुद्धा झाडलेला नसतो. पण दुकानदाराशी बोलणं होऊन बसलेलं असतं, एखाद्याने तर आगाऊ पैसेही दिलेले असतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडे हाच उलटा क्रम दिसतो. म्हणून हा लेख टप्प्याटप्प्याने लिहिला आहे. वाचताना उडी मारलीत तरी चालेल, करताना मारू नका.

## टप्पा १: कशासाठी हवं ते एका ओळीत कागदावर लिहा

"नेमबाजी आणि संरक्षण दोन्ही" असं सगळेच म्हणतात. अडचण अशी की ही दोन कामं हत्याराकडून जवळजवळ उलट गोष्टी मागतात. नेमबाजीला लांब नळी, अंगचं वजन, हलका चाप आणि स्वस्त काडतूस लागतं. संरक्षणासाठीचं हत्यार आटोपशीर हवं, चाप थोडा जड हवा म्हणजे घाईगडबडीत चुकून बार निघत नाही, आणि काडतूस दमदार हवं. दोन्ही एकात मागितलंत तर मधलं काहीतरी पदरात पडतं: .३२ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास), मध्यम नळी. वाईट नाही, पण त्यावर स्पर्धा जिंकायची स्वप्नं बघू नका.

खानापूर तालुक्यातून येणारे बरेचजण खरं तर रानडुकरांना वैतागलेले असतात. त्यांना सरळ सांगतो, छोटं हत्यार तुमच्या कामाचं नाही. शेतराखणीचा परवाना वेगळा, त्यासाठीची लांब नळीची बंदूक वेगळी, आणि रानडुकराला गोळी घालायला वनखात्याची परवानगी लागते ती आणखी वेगळी.

आणि एक प्रश्न स्वतःलाच विचारा, मोठ्याने नको. घरात कोणाला दारूचं व्यसन आहे का, भाऊबंदकीचं भांडण पेटलेलं आहे का, कोणी मनाने फार खचलेलं आहे का? यातल्या एकालाही "हो" आलं तर इथेच थांबा. दाराला चांगलं कुलूप, अंगणात दिवा आणि एक कुत्रं, या तिघांना पोलीस अहवाल लागत नाही.

कायद्याचं थोडक्यात: स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तो हक्क मिळत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा केलीत तर तो हातचा जातो. पळून चाललेल्या चोराच्या पाठीवर मारलेली गोळी कोर्टात संरक्षण म्हणून सांगणं फार अवघड आहे.

## टप्पा २: सहा महिने एअर पिस्तूल

हा टप्पा जवळपास प्रत्येकजण गाळतो. ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरच्या आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही. घेताना ओळखपत्राची प्रत द्या आणि बिल जपून ठेवा.

दहा मीटरचं अंतर घरात मिळणं कठीण, पण बेळगावातल्या जुन्या घरांची लांब पडवी किंवा गावाकडचं खळं चालून जातं. मागे भक्कम भिंत हवी. निशाणीच्या मागे लोखंडी पेटी, आतला पत्रा तिरका, म्हणजे छर्रा उलटा न येता खाली पडतो. नेमबाज आणि निशाणी यांच्या मध्ये उघडणारं दुसरं दार असेल तर आधी त्याला आतून कडी. छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नका. डोळ्यांवर चष्मा हवाच.

निशाणीचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर टांगा. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत हेच माप असतं. तिथल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. पहिल्या दिवशी तुमचे छर्रे त्याच्या आसपासही जाणार नाहीत. दहा बार काढा, कागद उतरवा, मागे तारीख टाका, फाइलला लावा. उजव्या हाताच्या माणसाचे छर्रे खाली-डावीकडे गोळा होत असतील तर पिस्तुलाला दोष देऊ नका. तुम्ही चाप दाबत नाही, झटका देताय. हा दोष एअर पिस्तुलावर गेला नाही तर .३२ वर दुप्पट दिसेल.

याच काळात परवानाधारक रायफल क्लबचं सभासदत्व घ्या. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवाना देताना ज्यांचा विचार करायचा त्यांत शूटिंग क्लबचा गेली दोन वर्षं सक्रिय सभासद असलेला खेळाडू येतो. पावती, हजेरी, गुणपत्रिका, सगळं त्याच फाइलला. पुढच्या टप्प्यात ही फाइल तुमच्यापेक्षा जास्त बोलते.

तपासा: पाच मीटरवरून सलग दहा छर्रे चहाच्या बशीत बसतात का? बसत नसतील तर टप्पा ३ चा अर्ज भरायला हरकत नाही, पण टप्पा ५ कडे बघू नका.

## टप्पा ३: अर्ज आणि कागद

किमान वय २१ वर्षं. अर्ज केंद्राच्या शस्त्र परवान्यांच्या एनडीएएल-एएलआयएस पोर्टलवर फॉर्म ए-१ मध्ये भरायचा. तिथून पुढे तुमच्या प्रत्येक हत्याराची नोंद यूआयएन नावाच्या क्रमांकाखाली राहते. सोबत फोटो, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा, मानसिक व शारीरिक आरोग्याचं डॉक्टरी प्रमाणपत्र, हत्यार सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र आणि हत्यार वापराच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. प्रशिक्षण मान्यताप्राप्त ठिकाणीच घ्या. ओळखीच्या निवृत्त जवानाने मळ्यात शिकवलेलं कितीही चांगलं असलं तरी त्याचा कागद होत नाही.

आपल्याकडे अर्ज सगळ्यात जास्त अडकतो तो नावात. शाळेचा दाखला मराठीतून, रेशन कार्ड कन्नडमधून, आधार इंग्रजीतून. त्यात एकीकडे वडिलांचं नाव, दुसरीकडे फक्त आद्याक्षर, तिसरीकडे आडनावाच्या जागी गावाचं नाव. २०१४ आधीच्या कागदांवर बेळगाव शहराचं स्पेलिंग जुनं, नंतरच्या कागदांवर नवं. शहराच्या नावाचं अधिकारी समजून घेतात, तुमच्या नावाचं घेत नाहीत. डीसी ऑफिसची (जिल्हाधिकारी कार्यालयाची) पायरी चढण्याआधी सगळे कागद टेबलावर ओळीने मांडा आणि नावाची अक्षरं बोटाने जुळवा. फरक असेल तर आधी दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र. माझा स्वतःचा अर्ज एका जादा "ए" पायी परत आला होता आणि मी कारकुनाला शिव्या देत घरी आलो होतो. चूक माझीच होती.

पत्ता कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो तेही आधी पक्कं करा. शहराच्या कडेच्या वाढीव वस्त्यांत हा घोळ हमखास होतो: कर भरायचा एकीकडे, ठाणं दुसरीकडे.

"कारण" या रकान्यात लोक चार शब्द लिहून मोकळे होतात: "जीवाला धोका आहे". लांब नळीच्या साध्या बंदुकीपेक्षा छोट्या हत्यारासाठी कायदा जास्त सबळ कारण मागतो. धोका असेल तर तक्रारीची प्रत जोडा. रोकड घेऊन रात्री-अपरात्री फिरावं लागत असेल, गूळ-तंबाखूचा व्यापार असो की पेट्रोल पंप, तर धंद्याचे कागद जोडा. खेळाडू असाल तर ती फाइल. खोटी धमकी रचू नका. चौकशीला येणारा हवालदार शेजाऱ्याकडे चहा पितो आणि शेजारी सगळं सांगतो.

नियमाप्रमाणे पोलीस अहवाल ३० दिवसांत आणि त्यानंतर निर्णय ६० दिवसांत व्हायला हवा. प्रत्यक्षात पोच क्रमांक घेऊन पाठपुरावा करावा लागतो. नकार आला तर लेखी कारणं मागा. ३० दिवसांच्या आत अपील करता येतं.

सावधान: "कर्नाटकात कोडगूवाल्यांना लायसन्स लागत नाही, मग आपल्याला कशाला?" हे पारावर ऐकायला मिळतं. ती सूट कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा, म्हणजे वंशपरंपरागत, जमीनधारकांना आहे. बेळगाव जिल्ह्याचा तिच्याशी काही संबंध नाही. वडिलांच्या किंवा आजोबांच्या परवान्यावरही मुलाला हत्यार बाळगता येत नाही. ते वारले असतील तर हत्यार जमा करून वारसा हक्काने स्वतंत्र अर्ज करायचा. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं, त्यात वारशाचंही धरलं जातं. गावठी कट्टा कोणी "स्वस्तात" दाखवला तर हातही लावू नका.

## टप्पा ४: आधी काडतूस ठरवा

इथे बहुतेकजण हत्याराच्या रूपावर जातात. तुम्ही काडतुसावर जा, कारण हत्यार एकदा घ्यायचं आणि काडतूस आयुष्यभर.

९ मिलिमीटर बोअर सामान्य नागरिकाला मिळत नाही, ते प्रतिबंधित आहे. सिनेमात बघितलेलं बहुतेक सगळं इथेच गळतं. उरतात मुख्यतः दोन:

.२२ चं काडतूस स्वस्त, धक्का जवळजवळ नाही, सरावाला उत्तम. संरक्षणाला कमजोर.

.३२ आपल्याकडचं नेहमीचं. पण .३२ म्हणजे एक काडतूस नव्हे, आणि पहिल्यांदा घेणारा हमखास अडखळतो तो इथेच. रिव्हॉल्व्हरचं .३२ लांबट असतं, बुडाला ठळक कडा असते. पिस्तुलाचं .३२, म्हणजे ७.६५ मिलिमीटर, आखूड असतं आणि त्याची कडा जेमतेम दिसते. एकाचं दुसऱ्यात वापरायचं नाही. परवान्यावर, बिलावर आणि काडतुसाच्या खोक्यावर एकच प्रकार लिहिलेला आहे ना, ते दुकानातच वाचा. देशी काडतुसाच्या बुडावर "केएफ" कोरलेलं दिसलं तर ते पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातलं.

एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतात ते परवान्यावर लिहिलेलं असतं. .३२ महाग पडतं आणि कोटा मोजका, त्यामुळे सरावाचा मोठा भाग एअर पिस्तुलावरच होणार. टप्पा २ गाळलेल्यांना हे दुकानात कळतं.

## टप्पा ५: रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

माझं मत सरळ आहे: पहिलं हत्यार, सराव महिन्यातून एकदा, घरात मुलं-बाळं, तर रिव्हॉल्व्हर. चक्री (काडतुसं बसतात ते गोल चाक) बाजूला काढली की भरलेलं आहे की रिकामं ते डोळ्यांना दिसतं. काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढचं समोर येतं.

पिस्तुलात मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढलं तरी एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, बसलेली असू शकते. "मॅगझिन काढलं होतं हो" हे वाक्य अपघातानंतर पुष्कळदा ऐकू येतं. पिस्तूल चपटं असतं, हातात छान बसतं, सराव असणाऱ्याला ते जास्त आवडतं. पण काडतूस अडकलं तर ते सोडवण्याची सवय हातात मुरलेली हवी.

देशी कारखान्यांत कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ साली आणलेलं .३२ चं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर टायटॅनियम मिश्रधातूचं, जवळपास ५०० ग्रॅमचं. २०२३ मध्ये कानपूरहूनच आलेलं 'प्रबल' त्याहून वजनदार, ६७५ ग्रॅमच्या आसपास. पिस्तुलात ईशापूरचं 'अशनी' आहे. हलकं ते चांगलं असं समजू नका. पर्समध्ये किंवा कमरेला हलकं बरं वाटतं, पण तेच काडतूस हलक्या हत्यारातून जास्त झटका देतं. पाच-सहा बारांनंतर हात आपोआप घाबरायला लागतो आणि नेम खाली जातो. सराव करायचाच असेल तर वजनदार घ्या.

## टप्पा ६: काउंटरवर

परवाना हातात आल्यावर दुकानात जा. हत्यार घेण्याची मुदत परवान्यावर असते, ती आधी बघा. एका दिवसात उरकू नका, निदान दोन दुकानं करा.

१. दुकानदाराला हत्यार उघडून द्यायला सांगा. चक्रीतली सगळी घरं, किंवा पिस्तूल असेल तर चेंबर, स्वतः डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा. त्याने बघितलं असलं तरी. कसलेला दुकानदार यावर रागावत नाही, उलट बरं वाटून घेतो.

२. नळी भिंतीकडे किंवा खाली. बोट चापाच्या कड्याबाहेर. माणसांकडे, आरशाकडे, रस्त्याकडे नळी नको.

३. मूठ धरा. मनगटापासून नळीपर्यंत एक सरळ रेष यायला हवी. चापावर बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग आरामात पोचायला हवा. पोचण्यासाठी मूठ फिरवावी लागत असेल तर ते हत्यार तुमच्या हाताचं नाही, मग ते कितीही देखणं असो. बायकोही शिकणार असेल तर तिलाही सोबत न्या, अंदाजाने घेऊ नका.

४. डोळे मिटा, भिंतीवरच्या एका खुणेकडे हात उचला, डोळे उघडा. पुढची साइट (नेम धरायची खूण) मागच्या खाचेत जवळपास मधोमध दिसते का? तीनदा करा.

५. परवानगी घेऊन रिकामा चाप ओढा. रिव्हॉल्व्हरचा घोडा (मागचा हातोडा) न चढवता ओढलेला चाप कित्येक किलोचा असतो. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम पुरतात, त्यामुळे फरक जाणवेलच. सलग सहा वेळा ओढताना साइट थरथरत असेल तर दुसरं बघा. .२२ चं हत्यार मात्र रिकामं झाडू नका, त्याची पिन चेंबरच्या कडेवर आपटते.

तपासा: कारखान्याचा क्रमांक हत्यारावर, बिलावर आणि परवान्यावर अक्षर न् अक्षर एकच आहे का?

## जुनं हत्यार घ्यायचं असेल तर

सामान्य माणसासाठी परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकातच बंद झाली. त्यामुळे बाजारात फिरणारी परदेशी पिस्तुलं म्हाताऱ्या गाड्यांसारखी: नाव मोठं, सुटे भाग नाहीत. आमच्या एका पाहुण्याने असंच एक पिस्तूल भारी किमतीला घेतलं. सोबत मॅगझिन एकच. तिची स्प्रिंग मेली आणि दुसरी मिळेना. आता ते कपाटात पडून आहे आणि तो ते दाखवतही नाही.

तरीही घ्यायचंच असेल तर नळीतून उजेडाकडे बघा: खड्डे नकोत, आतली पिळदार खाच स्पष्ट हवी. रिव्हॉल्व्हरचा घोडा चढवून चक्री हलवा, ती डगडगायला नको. चढवलेला घोडा अंगठ्याने पुढे दाबला तर सुटायला नको. पिस्तूल असेल तर दोन मॅगझिन मिळाल्याशिवाय सौदा करू नका. दुसऱ्या परवानाधारकाकडून थेट घेत असाल तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात.

## टप्पा ७: घरी आल्यावर

पहिलं काम नोंद: हत्यार आणि परवाना दोन्ही घेऊन परवाना देणाऱ्या कार्यालयात दाखवायचं. मग जागा: भिंतीला बोल्ट मारलेली लोखंडी पेटी, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली देवघरातल्या डबीत नाही. ती जागा लहान पोरांना सगळ्यात आधी माहीत असते.

आपल्या पावसाचं वेगळं सांगायला हवं. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात जूनपासून भिंतीही ओल्या असतात. हत्यार चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून विसरलात तर चामडं ओल धरतं, आणि जिथे पट्टा टेकतो तिथे बरोबर तेवढ्याच रुंदीची तांबूस रेघ उमटते. ती घासून जात नाही. पावसाळ्यात होल्स्टर पेटीबाहेर, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, दर पंधरवड्याला तेलाचा हलका बोळा. तेल थापू नका, चेंबरमध्ये ओघळलेलं तेल काडतूस बिघडवू शकतं.

पहिला बार रेंजवरच, कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा लावून. मळ्यात नाही, विहिरीत नाही, वरातीत तर नाहीच. आनंदाच्या भरात गोळी झाडून कोणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

## टप्पा ८: हद्द

हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगावं लागत नाही, आपल्याला लागतं. परवान्यावर तो कुठल्या हद्दीत चालतो ते लिहिलेलं असतं. तिथे फक्त कर्नाटक असेल, तर सीमेवरचं बाची ओलांडून महाराष्ट्रातल्या शिनोळीत चहा प्यायला गेलात तरी तुम्ही परवान्याबाहेर. कोगनोळीहून कागल, कागवाडहून मिरज, चोर्ल्याच्या घाटातून गोवा, सगळीकडे तेच. ज्यांचं घर बेळगावात आणि शेती चंदगडात त्यांनी अर्जातच हद्द वाढवून मागावी आणि कारण म्हणून जमिनीचा उतारा जोडावा. मंजुरी हातात येईपर्यंत हत्यार पेटीत.

सार्वजनिक जागी न्यायचंच तर होल्स्टरमध्ये, झाकून, मूळ परवाना सोबत. निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार जमा करण्याचा आदेश निघतो. पहिल्याच आठवड्यात ठाण्यात जमा करा आणि पोच घ्या, पोचेवर हत्याराचा क्रमांक आहे ना बघा. परत घ्यायलाही आठवणीने जा.

परवान्याची मुदत पाच वर्षांची. संपायच्या तीन महिने आधीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच मारून ठेवणं शक्य नाही, म्हणून ती पेटीच्या झाकणाच्या आत खडूने लिहा.